तापवलेली पुली

पुली अर्ध्यावर अडली. पुढे जाईना आणि आता मागेही येईना. मोरेश्वरने लाकडी ठोकळा धरून तिच्यावर आणखी दोन घाव घातले, तिसऱ्यासाठी हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला. काही उपयोग नव्हता. सकाळपासून तो अँबेसिडरच्या तोंडापुढे उकिडवा बसला होता, मांड्यांना रग लागली होती, नखांत काळं ग्रीस जाऊन बसलं होतं, आणि रविवार अर्धा संपला होता. रेडिएटर काढून भिंतीला टेकवला होता. त्यामुळे इंजिनाचं पुढचं टोक उघडं पडलं होतं, आणि त्या टोकातून निघालेल्या जाड दांड्यावर ही नवी पुली निम्मी चढून बसली होती. पंख्याचा पट्टा हिच्यावरून फिरतो. हिच्याशिवाय गाडी म्हणजे दारात उभी केलेली खोली. जुनी पुली मागच्या महिन्यात डगमगायला लागली आणि तिने पट्टा खाल्ला, म्हणून तो नागपूरला जाऊन ही घेऊन आला होता. दुकानदाराने ती काउंटरवर ठेवून बोटाने दाखवलं होतं. दिसायला एकच लोखंड दिसतं साहेब, पण दोन आहेत, मधात रबराचं कडं आहे, वरून रंग मारला म्हणून कळत नाही. इंजिनची थरथर ते रबर खाते, म्हणून हिला बॅलन्सर म्हणतात. घरी बसवता का? मग सांभाळून बसवा. मोरेश्वरने मान हलवली होती. सगळ्यांना तो अशीच मान हलवायचा. वीज मंडळाच्या सौंसरच्या ऑफिसात सोळा-सतरा वर्षं बाबूगिरी केल्यावर मान आपोआप हलते, तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही.

त्याला पाठीवर नजर जाणवत होती. ओट्यावर मामाजी बसले होते. गुणवंता खाती, पूर्वी बैलगाड्यांची चाकं घडवणारे, चंद्रकलेचे वडील, त्याचे सासरे. सकाळपासून ते तिथेच होते, एका कोपऱ्यात, पाय जवळ घेऊन, जसं काही बस यायची आहे आणि ती आली की जागा रिकामी करायची आहे. दोन वर्षांपूर्वी ते तिगावहून आले तेव्हा म्हणाले होते, चार दिवस राहीन. हे वाक्य त्यांनी अजून मागे घेतलं नव्हतं. पोरीच्या घरी बापाने राहायचं नसतं, पाणी प्यायचं म्हटलं तरी मन खातं, असं मानणाऱ्या माणसांतले ते होते, आणि मुलगा नव्हता म्हणून इलाज नव्हता. तिगावला विहिरीपाशी ते पडले होते आणि शेजारणीला दिसेपर्यंत तसेच पडून राहिले होते. छिंदवाड्याच्या डॉक्टरने सांगितलं, यांना एकटं ठेवू नका. त्या रात्री चंद्रकला मोरेश्वरला म्हणाली होती, "त्यायले एक शब्द वावगा बोलजा नोका. बोलले का ते उठून जातीन. अन् तिथं गेले का मरतीन." तिने हे रडत सांगितलं नव्हतं. डाळ निवडत सांगितलं होतं, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

तेव्हापासून या घरात कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. मोरेश्वर ऑफिसातून आला की मामाजी खुर्चीवरून उठत. बसा, बसा, तो म्हणे. नाई नाई, तुमी बसा जवाईबापू, ते म्हणत, आणि दोघेही उभे राहत. पंखा लावायचा असला तर ते विचारत. आपलं ताट आपण धुऊन पालथं घालत. त्यांचा खोकला बाहेर ऐकू येई आणि मोरेश्वरने दाराची कडी वाजवली की बंद होई. खोकला असा बंद करता येतो हे त्याला माहीत नव्हतं. सुरुवातीला त्याला हे बरं वाटलं होतं, सासऱ्याने मान ठेवला म्हणून. पुढे ते अंगावर आलं. स्वतःच्या घरात बनियनवर लोळता येईना, बायकोवर ओरडता येईना, पोरगा होस्टेलातून सुट्टीत आला तर त्याचे कान पिळता येईनात. सगळं घर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं हळू बोलत होतं. ऑफिसात साहेबांशी गोड बोलायचं, घरी सासऱ्यांशी गोड बोलायचं, मध्ये सायकल चालवायची तेवढा वेळ आपला. कधी कधी सायकलवर त्याच्या मनात येई की म्हाताऱ्याने जावं. नुसतं जावं, मरावं असं नाही. मग विहीर आठवे आणि त्याची त्यालाच शरम वाटे, आणि तो दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागे, बहुधा गाडीचा. गाडी त्याने एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. ती दुरुस्त करताना तरी कोणाशी बोलावं लागत नसे.

"अटकली का?" मामाजींनी विचारलं. फार हळू विचारलं, ऐकू आलं नाही तरी चालेल अशा बेताने.

"हो. टाइट आहे."

मग ओट्यावरून पाय खाली आल्याचा आवाज. ते जवळ येऊन वाकले, डोळे बारीक केले. त्यांना आता जवळचं नीट दिसत नव्हतं. हात मात्र पुढे आला आणि पुलीच्या कडेवरून असा फिरला की मोरेश्वर बघतच राहिला. बैलाच्या वशिंडावर हात फिरवतात तसा तो फिरला. "तापवा ना," मामाजी म्हणाले. "लोखंड थंड हाय तवर हट्ट करते. गरम झालं का फुगते. चाकाची धाव नाई का आपन चढवत?"

मोरेश्वरने ते काम लहानपणी पाहिलं होतं, त्यांच्याच दारात नसेल पण असंच कुठेतरी. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं, त्यात लाल झालेली धाव, म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. चार माणसं चार बाजूंनी सांडशीने ती उचलायची, चाकावर टाकायची, लाकडाचा धूर निघायचा, मग बादल्यांनी पाणी. चर्र आवाज व्हायचा आणि धाव आकसून चाकाला अशी आवळायची की आरे कुरकुरायचे. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत कापसाच्या गाड्या गुणवंता खात्याच्या चाकांवर बाजारात जात, असं चंद्रकला सांगायची. मग डनलॉपच्या गाड्या आल्या. मोटारीचे टायर, मोटारीचा आस, खात्याकडे काही कामच नाही. भाता कोणाला तरी देऊन टाकला, ऐरण तिगावच्या घरात पडून होती.

मधात रबर आहे. दुकानदाराचा आवाज मोरेश्वरच्या कानात अगदी स्पष्ट आला. ते बोट, तो काउंटर. वाक्य ओठापर्यंत आलंही. मामाजी, ही तापवायची नसते. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला चंद्रकलेची डाळ आठवली, आणि आपण सकाळपासून थकलो आहोत हे आठवलं, आणि या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, तिकडे त्याने पाहिलं नाही. थोडंसं तापवून काय होणार आहे, त्याने स्वतःला सांगितलं. "बघा," तो म्हणाला. "तुम्हाला जमत असेल तर बघा."

एवढ्या दोन शब्दांनी म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. दोघांनी पुलीला दोन बाजूंनी पहारी लावून ती बाहेर काढली. मामाजींनी चंद्रकलेला हाक मारली, "ओ चंदे, गोवऱ्या आन, वाळलेल्या पाह्यजे." ती हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. अंगणात गोवऱ्यांचं कडं रचलं गेलं, मध्ये पुली निजवली, आणि मामाजी तिच्याजवळ मांडी घालून बसले. धुरातून त्यांना खोकला आला आणि त्यांनी तो दाबला नाही, मोकळेपणाने खोकले. शेजारच्या अंगणातून श्रावण मास्तर डोकावून म्हणाले, "काय भाजून राहिले जी?" "मोटार!" मामाजी म्हणाले आणि स्वतःच हसले. मोरेश्वरला वास आला. गोवऱ्यांच्या वासाखाली दुसरा एक, जळक्या चपलेसारखा. त्याने वारा बदलायची वाट पाहिली. वारा बदलला, वास गेला.

मामाजींनी पुलीवर थुंकून पाहिलं. थुंकी नाचली. "आता!" त्यांनी सांडशीने ती उचलली आणि मोरेश्वर वाटेतून बाजूला झाला. दांड्याच्या खाचेत बसवलेल्या चावीशी त्यांनी पुलीची खाच नुसत्या अंदाजाने जुळवली, एकदा हलवली आणि ढकलली. ती गेली. दोन तास हातोडीला न बधलेली पुली पाहुणी घरात यावी तशी सरळ आत गेली आणि शेवटी टक् असा आवाज झाला. "पानी!" चंद्रकला लोटा घेऊन उभीच होती. वाफेचा एक ढग उठला, त्यात म्हाताऱ्याचं तोंड दिसेनासं झालं, मग पुन्हा दिसलं, आणि ते हसत होतं. चंद्रकलाही हसत होती. मोरेश्वरला वाटलं, आपणही हसलं पाहिजे, आणि तो हसला.

मग चंद्रकला गाडीत बसून ब्रेक दाबून राहिली, गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे दांडा फिरू नये, आणि त्याने पान्याला पाइप लावून पुढचा बोल्ट जीव लावून आवळला. पट्टा चढवला, रेडिएटर बसवला, पाणी भरलं. इंजिन सुरू झालं. एकदम गुळगुळीत. ही गाडी त्याच्या हाती आल्यापासून इतकी गुळगुळीत कधी चालली नव्हती. मामाजींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. जेवताना ते म्हणाले, "चंदे, अजून एक भाकर दे." चंद्रकलेने भाकर वाढली आणि उठून आत गेली, आणि बराच वेळ आली नाही. मोरेश्वर ताटात बघत जेवत राहिला. त्याला खरंच वाटायला लागलं होतं की काही बिघडलं नसेल. दुकानदारांना काय, ते दहा गोष्टी सांगतात.

चार वाजता चंद्रकलाच म्हणाली, बाबांना एक चक्कर तरी मारून आणा. मामाजी नाही नाही म्हणाले आणि धोतर बदलून आले. पुढच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. आजवर मागे बसत, दाराला चिकटून. पांढुर्ण्याच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, झाडांच्या बुंध्यांना चुना, मध्येच कापसाची काळी शेतं, पाटाच्या पाण्याला उन्हाची तिरीप. मामाजी बोलत होते. दोन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलत होते. इथल्या पाटलाची बैलजोडी, तिथल्या पुलाखाली उलटलेली गाडी, त्या गाडीचं चाक आपलं नव्हतं, दुसऱ्याचं होतं, हे तीन वेळा. "तुमाले सांगतो जवाईबापू, माह्या चाकाची धाव निसटली असं कोनी दाखवून द्यावं." मोरेश्वर हं हं करत होता आणि कान इंजिनाकडे होता. इंजिनात काहीतरी बदलत होतं. स्टिअरिंगमधून हाताला मुंग्या आल्यासारखं होऊ लागलं. मग वास. मग एक किंकाळी, पट्ट्याची, मग फटफट, आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला.

त्याने गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. पट्टा निसटून लोंबत होता. पुलीची बाहेरची कडी आतल्या लोखंडावरून दोन बोटं पुढे सरकून वाकडी बसली होती, आणि दोहोंच्या मधून वितळलेलं रबर काळ्या गुळासारखं बाहेर आलं होतं. आतला भाग आपल्या जागी होता. म्हाताऱ्याने बसवला होता तिथून तो केसभर हलला नव्हता. मोरेश्वर पाहत उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. नुसता शीण होता, पोटरीपासून वर वर चढणारा. आता पुन्हा रेडिएटर. पुन्हा नागपूर. पुन्हा तो दुकानदार, तो विचारणार, कोणी तापवली. पुन्हा दुसरा रविवार. मामाजी शेजारी येऊन वाकले आणि म्हणाले, "काय झालं जी?" ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, आणि तो आवाज ऐकून मोरेश्वरच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"काय झालं? जाळून टाकलं तुम्ही! रबर आहे तिच्यात, रबर! ही बैलगाडी नाही मामाजी. येत नाही तर हात कशाला घालता?"

इतक्या मोठ्याने तो ओरडला की बागेतल्या बगळ्यांचा थवा उठला. मामाजींनी पुलीकडे पाहिलं. बोटाने ते काळं रबर पुसलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. वळले आणि रस्त्याने चालू लागले, पांढुर्ण्याच्या दिशेला, तिगावच्या दिशेला, धोतराचा सोगा हातात धरून. शंभरेक पावलांवर निंबाखाली जाऊन उभे राहिले. आणि जणू सांगून ठेवल्यासारखी सौंसरहून बस आली.

मोरेश्वरला हाक मारता आली असती. पळताही आलं असतं. तो बॉनेटला हात लावून उभा राहिला. बस निंबापाशी थांबली, कंडक्टर दारातून ओरडला, "पांढुर्णा, पांढुर्णा!" आणि बसच्या आड म्हातारा दिसेनासा झाला. त्या क्षणी मोरेश्वरला वाटलं, सुटलो. अगदी असाच शब्द मनात आला, आणि खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला. आता संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरून बसायचं. मोठ्याने बोलायचं. पण पाय पसरून बसलेला तो स्वतःला दिसायच्या आत त्याला तिगावचं ते घर दिसलं. त्याने ते एकदाच पाहिलं होतं. दाराशी विहीर, कोपऱ्यात ऐरण, आणि चुलीपुढे बसून एक म्हातारा, ज्याला शेवटी कळलेलं आहे की आपल्याला येत नाही. आणि हे त्याला कळावं याची सोय आपणच केली. सकाळी गोवऱ्या रचल्या जात होत्या तेव्हा आपण पाहत उभे होतो. चंद्रकलेला काय सांगायचं? गेले म्हणून सांगायचं. ती विचारेल, तुम्ही काय बोललात? बस हलली. धूळ उडाली आणि निंब तिच्यात बुडाला.

धूळ बसली तेव्हा म्हातारा तिथेच उभा होता. तो परत येऊ लागला, जाताना होता त्याच्यापेक्षा बराच जोरात. मोरेश्वरला उगाच वाटलं की तो मारणार.

"तुमाले मालूम होतं?" मामाजी आल्या आल्या म्हणाले.

"काय?"

"रबर हाय म्हणून."

मोरेश्वरने लोंबणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "होतं."

"मंग मले टोकलं काहून नाई? आगीत टाकत होतो तवा तू तिथंच उभा होता ना? डोये फुटले होते का?"

"चंद्रकला म्हणाली होती, तुम्हाला काही बोलायचं नाही."

"काहून? मी मेलो का?" म्हाताऱ्याचा आवाज आता निंबापर्यंत जात होता. "माहा बाप, मी चुकलो का, हातोडीच्या दांड्यानं हाणे मले. चार लोकायसमोर हाणे. इथं दोन साल झाले, कोनी एक शब्द बोललं नाई. पोरगी बोलत नाई, तू बोलत नाई. मी उठलो का तुमी उठता, मी बसलो का तुमी बसता. मेलेल्या माणसाले कोनी चुकला म्हणत नाई, मले वाटे, आपण मेलो अन् यायनं सांगतलं नाई." त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला. "गाडी तुही, लोखंड तुहं, अन् गुमान पाहत राह्यला. लाज नाई वाटली?"

"वाटली," मोरेश्वर म्हणाला. ती खरंच वाटत होती, आत्ता, या रस्त्यावर. त्याचे वडील गेल्यापासून त्याला असं कोणी झापलं नव्हतं. ऑफिसात साहेब बोलत ते वेगळं. त्याचे कान गरम झाले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुळीने आलं असं म्हणायची सोय होती, पण कोणी विचारलं नाही.

मामाजी बॉनेटखाली पुन्हा वाकले. "आतलं मात्र पक्कं बसलं," ते म्हणाले, "हे पाह्य." मग रस्त्याकडे बघून, "तिथं बागेचं फाटक दिसते. टॅक्टर असन. तिथवर लोटू. मी बसतो, तू लोट. म्हातारा माणूस काय लोटन?" आणि ते स्टिअरिंगपाशी जाऊन बसलेही. आयुष्यात त्यांनी मोटार चालवली नव्हती. मोरेश्वर मागे गेला, डिकीवर दोन्ही हात टेकले आणि लोटू लागला. गाडी हलेना. त्याने पाय रोवले, दात खाल्ले. गाडी जागची हलेना.

"जोर लाव ना!" पुढून आवाज आला. "भाकर खाल्ली नाई का?"

"ब्रेकवरचा पाय काढा आधी!" मोरेश्वर ओरडला. "पाय काढा! काय म्हातारा आहे!"

"कोनता पाय?"

"जो ठेवला तो!"

गाडी हलली. पुढून म्हातारा काहीतरी बोलतच होता, निम्मं ऐकू येत होतं, निम्मं नाही. आता हा मरेपर्यंत आपल्या घरातून जाणार नाही, हे मोरेश्वरला लोटता लोटता कळलं. रोज भांडणार, भाजीला नावं ठेवणार. त्याचे हात भरून आले होते, सदरा पाठीला चिकटला होता, आणि फाटक अजून बरंच लांब होतं. त्याने खांदा लावला आणि आणखी जोराने लोटू लागला.